शिक्षा थांबली म्हणजे काय काय थांबलं

माझ्या धाकट्या भावाला ठाण्याच्या कोर्टाने सहा महिन्यांची साधी कैद सुनावली आणि त्याच रात्री तो आमच्या खारेगावच्या घरी आमटी-भात जेवत होता. ज्यांना शिक्षेची बातमी आधी कळली ते त्याला घरात बघून दचकले. ज्यांनी त्याला आधी पाहिलं त्यांनी 'सुटला' असं धरून चालून फोनाफोनी केली. कोपरीची आत्या तर दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन हजर. पेढे आम्ही खाल्ले, पण तो सुटलेला नव्हता आणि आजही नाही. त्याच्या शिक्षेची फक्त अंमलबजावणी थांबलेली आहे. ती थांबवून घेणं आणि थांबलेली ठेवणं हे किती उस्तवारीचं काम असतं, ते त्याला जामीन राहिल्यामुळे मी जवळून पाहिलं.

प्रकरण चेक परत गेल्याचं. भावाचं वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, शेड, लोखंडी जिने अशी कामं. पत्रा आणि अँगल उधारीवर उचलले, त्यापोटी साडेचार लाखांचा चेक दिला, ज्या कामाचे पैसे यायचे ते अडकले आणि चेक वटला नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांचा व्यवहार असला तरी खटला फौजदारी चालतो, हे आमच्या घरात निम्म्या लोकांना निकालाच्या दिवशी समजलं. दोष कोणाचा यात मी शिरत नाही. त्याची बाजू अपिलात आहे, आणि ज्याचा माल गेला त्यालाही बाजू आहेच.

निकालाच्या दिवशी आरोपीला हजर राहावंच लागतं. जेवणाच्या सुट्टीनंतर पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी दोन-तीन मिनिटांत वाचलं: दोषी, सहा महिने साधी कैद, सहा लाख रुपये भरपाई, भरपाई न दिल्यास आणखी दोन महिने. मला वाटलं होतं की वाद होईल, कोणी काही बोलेल. काहीच झालं नाही. पुढच्या केसचा पुकारा झाला. कोर्ट ड्यूटीवरचा हवालदार भावाजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "साहेब, मोबाईल ताईंकडे द्या आणि इथे बाकावर बसा." हात लावला नाही, आवाज चढवला नाही. पण तेवढ्याने भाऊ आमच्यातून उठून त्यांच्यात गेला. तो बाक दाराच्या आतल्या बाजूला होता, मी बाहेरच्या बाजूला. मधे तीन फूटही अंतर नसेल, आणि मला त्याला पाणी द्यायलाही विचारावं लागलं.

आमच्या वकीलबाईंनी तेवढ्यात पिशवीतून टाइप केलेला अर्ज काढला. त्यात कैदेची मुदत आणि भरपाईचा आकडा या दोन जागा रिकाम्या होत्या, त्या त्यांनी उभ्या-उभ्या पेनने भरल्या. म्हणजे हा अर्ज आधीपासून तयार होता! मला जरा रागच आला. त्या म्हणाल्या, "ताई, निर्दोष सुटला असता तर फाडून टाकला असता. आता पाच वाजता मी टाइपिस्ट कुठे शोधणार?"

अर्ज शिक्षा तात्पुरती स्थगित करण्याचा होता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 389 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम 430 झालं आहे. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात शिक्षा देणाऱ्या कोर्टालाच सांगितलं आहे की, आरोपी आधीपासून जामिनावर असेल, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल किंवा गुन्हाच जामीनपात्र असेल, तर अपील करायला पुरेल इतका काळ त्याला जामिनावर सोडा. सोडायचं नसेल तर तशी खास कारणं हवीत. तो बाहेर असेपर्यंत शिक्षा स्थगित आहे असं मानलं जातं. त्यामुळे दोषी ठरवणाऱ्या मॅडमनीच अर्ध्या तासात त्याला सोडायचा हुकूम केला, यात विसंगती काही नाही. त्यांनी निकाल फिरवला नव्हता. वरच्या कोर्टात जाण्याचा हक्क कागदावरच राहू नये एवढंच पाहिलं होतं. सहा महिन्यांची कैद भोगून झाल्यावर अपील जिंकलं तर त्या जिंकण्याचं करायचं काय?

हुकूम झाला तरी लगेच उठून चालायला लागता येत नाही. जामीनदाराची कागदपत्रं त्या क्षणी पूर्ण नव्हती, म्हणून वकीलबाईंनी रोख जामिनाची परवानगी मागितली. पंधरा हजार. नाझरचं, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्याचं, काउंटर बंद व्हायच्या आत ते भरायचे होते. भावाची बायको आणि मी पर्स उलट्या केल्या, उरलेले एटीएममधून आणले, पावती घेऊन वर पळालो. त्या मधल्या वेळात कारकुनाच्या टेबलावर एका बाजूला जामिनाचे कागद होते आणि दुसऱ्या बाजूला तुरुंगात पाठवायच्या वॉरंटचा फॉर्म. दोन्हींवर भावाचं नाव. ठाण्यात मध्यवर्ती कारागृह कोर्टापासून जवळच आहे, जुन्या किल्ल्यात. शाळेत असताना अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना 1910 साली तिथे फाशी दिली हे आम्ही पाठ केलेलं. त्या दिवशी मात्र मला इतिहास आठवला नाही, चालत किती मिनिटं लागतात तेवढंच आठवलं.

शिक्षा स्थगित झाली ती तीस दिवसांपुरती. सत्र न्यायालयात अपील करायची मुदतही तितकीच असते. नकलेसाठी गेलेला वेळ त्यातून वगळतात, पण वकीलबाईंनी त्या सवलतीवर विसंबायचं नाही असं बजावलं होतं. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची एक प्रत लगेच आणि फुकट मिळते, ती आम्हाला मिळाली. तिच्यावर बसून त्यांनी अपिलाचा मसुदा केला. सोबत वेगळा अर्ज: अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित ठेवावी. बाहेरच्या माणसाला हे दोन अर्ज एकच वाटतात. पहिली स्थगिती खालच्या कोर्टाची होती आणि अपील दाखल करून वरच्या कोर्टाचा हुकूम मिळेपर्यंतच होती. दुसरी अपील कोर्टाने स्वतः विचार करून, लेखी कारणं देऊन द्यायची असते. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. ती मिळायच्या आत मुदत उलटली तर पुन्हा तो बाक आणि तो हवालदार.

दुसरी तुलनेने सुखाने मिळाली. कैद ठराविक मुदतीची असेल तर अपील कोर्टाने स्थगितीचा विचार उदारपणे करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये भगवान रामा शिंदे गोसाईं विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात म्हटलेलं आहे, आणि वकीलबाईंनी तो निकाल जोडला होता. खून-बलात्कारासारख्या प्रकरणात हेच काम फार अवघड होतं. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सरकारी वकिलाला लेखी विरोध नोंदवायची संधी द्यावीच लागते. आमच्या आधी बोर्डावर असंच एक प्रकरण होतं. त्यातली म्हातारी आई युक्तिवाद चालू असताना पूर्ण वेळ हात जोडून उभी होती, आणि पुढची तारीख मिळाल्यावर तिला ती तारीखही दुसऱ्या कोणीतरी समजावून सांगितली.

आम्हाला खरी ठेच लागली ती पैशांची. चेकच्या प्रकरणात अपील कोर्ट दंड किंवा भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरायला सांगू शकतं. 2018 मध्ये कायद्यात कलम 148 घालून ही तरतूद आली. आमचे झाले एक लाख वीस हजार. मुदत साठ दिवस, कारण दाखवलं तर आणखी तीस. कलमात 'सांगू शकतं' असं असलं तरी भरायला लावणं हाच नियम आणि सूट हा अपवाद, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सुरिंदर सिंग देसवाल प्रकरणात सांगितलं. पुढे 2023 च्या जंबू भंडारी प्रकरणात त्यांनी हेही स्पष्ट केलं की अशी अट अन्यायाची ठरत असेल तर कारणं नोंदवून सूट देता येते. वकीलबाईंनी ते मांडून पाहिलं. न्यायाधीशांनी विचारलं, "वर्कशॉप चालू आहे ना?" चालू होतं. संपला विषय. मुदतीत रक्कम भरली नाही तर स्थगिती उठू शकते, हेही तिथेच ऐकवण्यात आलं.

भावाच्या बायकोने पाटल्या गहाण ठेवल्या. उरलेल्यातले काही मी दिले, काही त्याने एक वेल्डिंग मशीन विकून उभे केले. त्याला वाटत होतं की अपील करणाऱ्याकडून आधी पैसे घेणं म्हणजे निकालाआधीच वसुली. मला तसं सरसकट वाटत नाही. समोरचा माणूस अनेक वर्षं थांबला आहे, आणि फुकटात स्थगिती मिळत असती तर अपील हा पैसे न देण्याचा सर्वात स्वस्त मार्ग झाला असता. पण ज्याच्याकडे खरंच काही नाही त्याने वीस टक्के कुठून आणायचे, या प्रश्नाचं उत्तर त्या कोर्टरूममध्ये मला मिळालं नाही.

मग माझा नंबर. हुकूम असा होता: वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः द्यायची हमी, आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार. कागदपत्रांची यादी वकीलबाईंच्या क्लार्कने दिली. आधार, पॅन, रेशन कार्ड, फोटो, फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती. पावतीवर अजून बिल्डरचंच नाव निघालं. पंधरा वर्षं आम्ही तो कर भरतोय आणि घर कागदावर बिल्डरचं! क्लार्क म्हणाला, "राहू द्या, तुमची पगाराची स्लिप द्या. घरापेक्षा नोकरी बरी." मी एका शाळेच्या कार्यालयात आहे, तीन महिन्यांच्या स्लिपा आणि ओळखपत्र जोडलं. शिवाय आजवर आणखी कोणाकोणाला जामीन राहिले आहे याचं प्रतिज्ञापत्र. हे कायद्यानेच द्यावं लागतं, कारण कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन कोणालाही जामीन राहणारी माणसं असतात ही गोष्ट कोर्टालाही ठाऊक आहे.

मला कठड्याजवळ उभं केलं. न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं, "आरोपी कोण तुमचा?"

"सख्खा भाऊ."

"राहतो कुठे?"

"किसननगरला."

"तारखेला आला नाही तर वीस हजार तुमच्याकडून वसूल होतील. समजलं?"

"हो, साहेब."

आता त्यांनी मान वर केली, एकदा माझ्याकडे आणि एकदा फोटोकडे बघितलं, आणि सही केली. मागे उभा असलेला भाऊ बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, 'हो' म्हणायला एवढा वेळ का लावलास?" मला तर वाटलं होतं मी पटकन म्हणाले.

घरी माझ्या सासऱ्यांचं वेगळंच चाललं होतं. त्यांचं म्हणणं, एवढी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा थेट राज्यपालांना अर्ज करावा. "अगं, नानावटीची शिक्षा राज्यपालांनी एका दिवसात थांबवली होती. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, पेपर वाचायला रांग लागायची." वकीलबाई घरी आल्या तेव्हा त्यांनाही हे ऐकवलं. त्यांनी उडवून लावलं नाही, पुढचं सांगितलं. 11 मार्च 1960 ला मुंबई उच्च न्यायालयाने नौदलाचे कमांडर नानावटी यांना खुनाबद्दल जन्मठेप दिली, त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या 161 व्या कलमाखाली शिक्षा स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा निकाल होईपर्यंत त्यांनी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहावं अशी सोय केली. पण त्यावरच वाद झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की प्रकरण आमच्यापुढे असताना शिक्षा स्थगित ठेवायची की नाही हे आम्ही ठरवणार. त्या काळापुरता राज्यपालांचा तो अधिकार चालणार नाही. नानावटींना तुरुंगात जावं लागलं. माफी मिळाली ती नंतर, विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना. "बाबा, राज्यपाल दया करतात, कोर्ट तपासतं," वकीलबाई म्हणाल्या. "आपल्याला तपासून हवंय." सासऱ्यांनी मान डोलावली आणि त्या गेल्यावर मला म्हणाले, "तरी एक अर्ज करून ठेवायला काय हरकत होती?"

स्थगितीने नक्की काय थांबलं नाही, हे कळायला थोडे दिवस लागले. एका सरकारी कार्यालयाच्या शेडच्या कामासाठी भावाने टेंडर भरायला घेतलं. फॉर्मसोबतच्या प्रतिज्ञापत्रात रकाना होता: आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय? त्याने 'नाही' लिहायला पेन उचललं. त्याच्या दृष्टीने शिक्षा थांबलेली, अपील चालू, म्हणजे सध्या तो कोराच. सुदैवाने आधी फोन केला. वकीलबाई म्हणाल्या, "'होय' लिहा, आणि पुढे अपील क्रमांक टाकून लिहा की शिक्षा स्थगित आहे. खोटं लिहिलंत तर दुसरी केस."

शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती या वेगवेगळ्या मागण्या आहेत. पहिलीत माणूस तुरुंगाबाहेर राहतो, दोषी मात्र राहतोच. दुसरीत दोषी ठरल्याचे परिणामही थांबतात, पण ती क्वचितच मिळते. तसं केलं नाही तर भरून न येणारं कोणतं नुकसान होईल, ते नेमकं दाखवावं लागतं. यातला फरक सगळ्या देशाने 2023 मध्ये पाहिला. 23 मार्चला सुरतच्या कोर्टाने राहुल गांधींना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वेळी अपिलासाठी ती तीस दिवस स्थगितही केली. तरी दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली अपात्रता दोषी ठरून दोन वर्षांची शिक्षा होण्याला जोडलेली आहे, तुरुंगात जाण्याला नाही. 4 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली तेव्हा ती परत मिळाली. टीव्हीवर हे सगळं बघताना आम्ही राजकारणावर भांडलो होतो, कायद्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. भावाने विचारलं, आपणही दोषसिद्धीला स्थगिती मागायची का? वकीलबाईंनी एका टेंडरच्या जोरावर मागणार नाही असं सरळ सांगितलं. ते टेंडर गेलं.

आणखी एक गोष्ट त्याला फार लागली. बाहेर काढलेले दिवस शिक्षेत मोजत नाहीत. अपील फेटाळलं गेलं तर सहा महिने पूर्ण भोगावे लागतील, मग अपील दोन वर्षं चालो की पाच. कलमातच तसं लिहिलं आहे. थांब्यावर उभ्या रिक्षाचं मीटर बंद असतं, तसं. तो म्हणाला, "मग एकदाचं भोगून मोकळं झालेलं काय वाईट?" त्याची बायको काही बोलली नाही, उठून आत गेली. त्यानंतर तो विषय त्याने तरी पुन्हा काढला नाही.

स्थगितीचा हुकूम सांभाळायलाही लागतो. अपिलाच्या तारखांना हजर राहायचं, येता येणार नसेल तर वकिलाकडून आधी अर्ज द्यायचा, पत्ता बदलला तर कोर्टाला कळवायचं. मध्यंतरी तो किसननगरची खोली सोडून कळव्याला येणार होता. भाडं ठरवायच्या आधी वकीलबाईंना फोन केला. एखादी तारीख चुकली तर वॉरंट निघू शकतं, आणि त्याच्या पाठोपाठ मला नोटीस. तारखेच्या आदल्या रात्री मी त्याला अजून मेसेज टाकते. तो फक्त अंगठा पाठवतो.

भरलेले एक लाख वीस हजार कोर्टात पडून राहतील असा आमचा समज होता. समोरच्याने अर्ज करून ते मागितले आणि त्याला मिळालेही. अपील चालू असताना ही रक्कम फिर्यादीला द्यायची मुभा त्याच कलम 148 मध्ये आहे. भाऊ निर्दोष सुटला तर फिर्यादीने ती रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याजासह परत करायची. भाऊ चिडला. वकीलबाईंनी त्याला चिडू दिलं, मग म्हणाल्या की पैसे हातात पडल्यावर त्या गृहस्थांचा सूर मऊ झाला आहे, त्यांच्या वकिलाने लोकअदालतीबद्दल विचारलंय. चेकच्या प्रकरणात अपिलातही तडजोड होऊ शकते, आणि ती झाली तर शिक्षेबरोबर दोषसिद्धीही रद्द होते. बोलणी साडेतीन लाखांवर अडली आहेत. भाऊ तीन म्हणतो, हप्त्याने. ते म्हणतात एकरकमी. या रविवारी दोघांनी वर्कशॉपमध्येच बसायचं ठरलंय, वकिलांशिवाय. वकीलबाईंची एकच अट आहे: जे ठरेल ते कागदावर येईपर्यंत नवा चेक द्यायचा नाही.